काही बंद आहे का?

मे महिन्यातला बुधवार, दुपारचे साडेचार वाजले होते. शेजारच्या वाडीतून पिशवीभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घेऊन मी घरी निघाले होते. माझं माहेर वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. जिथून समुद्राकडे जायला लहान रस्ता फुटतो, त्या वळणावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. एमएच-12, पुण्याची. काच खाली झाली तशी आतली थंड हवा वेफर्सच्या वासासकट माझ्या तोंडावर आली. मागच्या सीटवर दोन मुलं पोहायच्या ट्यूब गळ्यात घालूनच बसलेली. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "ताई, इकडे बीच आहे ना?" म्हटलं, "आहे, पाच मिनिटांवर." त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. रस्त्यावर मी, माझी पिशवी आणि सुरूच्या झाडांखाली बसलेली एक गाय. "मग माणसं कशी नाहीत कुठे? आज काही बंद आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, असंच असतं इथे." त्यांनी बायकोकडे पाहिलं, दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. "बरं, मग आम्ही मालवणलाच जातो," असं अगदी सौजन्याने सांगून त्यांनी गाडी वळवली. मागच्या काचेतून धाकटी मुलगी सुरूच्या झाडांमधून दिसणाऱ्या निळ्या पट्टीकडे बघत होती, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

घरी आले तर आई मागच्या पडवीत रातांबे फोडत बसलेली. मधोमध फोडायचं, बिया आणि गर पातेल्यात, सालं सुपात. बियांना मीठ लावलं की रस सुटतो, ते आगळ. त्या आगळात सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. चार-पाच दिवस हे चालतं तेव्हा कुठे सोलं, म्हणजे आमसुलं, काळी आणि मऊ होतात. आईचे हात मनगटापर्यंत लाल झालेले. तिला गाडीची गोष्ट सांगितली. तिचे हात थांबले नाहीत. "बंद? दर्या खय बंद आसता?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने विचारलं, "आनि तू त्याका काय सांगलंस?" मी सांगितलं, असंच असतं इथे. ती काही बोलली नाही. पण मला रात्री झोप लागेपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं. असंच असतं म्हणजे कसं असतं? इतक्या लांबून आलेल्या माणसाला मी धड एक वाक्य देऊ शकले नाही, की थांबा, मुलांना पाण्यात पाय तरी घालू द्या.

याच्या दोनच दिवस आधी मी मालवणात होते, धुरीवाड्यात मावशीकडे. तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते आणि भरड भागात डॉक्टरांची वेळ घेतलेली. एरवी रिक्षाने दहा मिनिटं लागत नाहीत. त्या दिवशी आम्ही बाजारपेठेच्या अलीकडेच अडकलो. मालवणची बाजारपेठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, समोरासमोरच्या दुकानदारांनी हात लांब केले तर एकमेकांना खाज्याची पुडी देता येईल इतकाच तो रस्ता. त्यात एक टेम्पो ट्रॅव्हलर वळणावर रुतल्यासारखी उभी, तिच्या मागे एमएच-09, एमएच-10, एमएच-11, मध्ये दोन केए-22, आणि त्यांच्यामध्ये आमची रिक्षा. तापलेल्या क्लचचा वास, गुळाच्या पाकाचा वास, कुणाच्या तरी टपावर बांधलेल्या आंब्याच्या पेट्यांचा वास. पुढच्या गाडीतली एक बाई दार उघडून लहान मुलाची पाठ चोळत होती, घाटात लागलेली गाडी त्याला अजून सोडत नव्हती. ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर खाली उतरून कडेला लावलेल्या मोटारसायकलींचे आरसे एकेक करून दुमडत होता. कुणी कुणाला शिवी दिली नाही. सगळेच दमलेले होते. माशांची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई मात्र दोन बंपरांमधल्या वीतभर जागेतून तिरकी होऊन निघून गेली, पाटी तसूभरही हलली नाही.

वीस मिनिटांनी मावशी उतरली. "मी चलतंय," म्हणाली. छत्री उघडली आणि दोन घरांमधल्या पाणंदीत शिरली. मी मागोमाग. चिऱ्याच्या गडग्यांमधून, कुणाच्या तरी मागच्या दारातून, विहिरीला वळसा घालून आम्ही सात-आठ मिनिटांत भरडावर. थेंब घालून, डोळ्याला पट्टी लावून परत येताना तीच पाणंद, आणि पाणंदीच्या तोंडाशी पाहिलं तर ट्रॅव्हलर सुटली होती, पण आमची रिक्षा अजून बाजारपेठेच्या मध्यावरच उभी. रिक्षावाल्याने पैसे घ्यायला नकार दिला. मावशीने ते जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबले. त्याचाही तो दिवस तसाच जाणार होता.

माझा मावसभाऊ तारकर्लीच्या रस्त्याला दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्याच्याकडे गेले की मला माझं सगळं म्हणणं गिळावं लागतं. "ताई, चाळीस दिवस," तो सांगत होता. "ह्या चाळीस दिवसांत जा काय गावला ता गावला. मगे कोण येता?" शाळांच्या परीक्षा संपल्या की त्याचं वर्ष सुरू होतं, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद झाले की संपतं. ऑगस्ट सरेपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जात नाही. बाकीचं वर्ष दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांवर काढायचं. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने. पण नेमक्या ह्याच चाळीस दिवसांत गावाकडे काही नसतं हे त्यालाही ठाऊक आहे. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, सकाळी पंप लावला की दहा मिनिटांत गढूळ यायला लागतं. चांगला मासा कमी आणि महाग. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, सुकी मासळी घ्यायला गावातल्या बायका बाजारात उतरलेल्या, आणि त्याच बाजारात सुरमईची थाळी देणारे खानावळवाले. वहिनी पाहुण्यांच्या खोल्यांतल्या बादल्या भरून झाल्यावर उरलेल्या पाण्यात घरातली धुणी उरकते. ती त्याबद्दल कधी बोलत नाही. मी पाहिलं आहे.

द्यायला सगळ्यांत कमी असतं तेव्हा मागणारे सगळ्यांत जास्त येतात.

नोकरीमुळे ठाण्यात राहते, त्यामुळे कोकणातले बाकीचे किनारेही थोडेफार पाहून झाले आहेत. गर्दी आणि ओस पडणं प्रत्येक गावात वेगळं आहे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे एक साधा समज असतो की उन्हाळा म्हणजे सीझन आणि पावसाळा म्हणजे ऑफ-सीझन. अलिबागला हा हिशोब लागूच पडत नाही. तिथला सीझन वारांवर चालतो. मंगळवारी सकाळी समुद्रावर जा, ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणारी पाच-सात माणसं दिसतील. शनिवारी दुपारी वडखळपासूनच गाड्यांची शेपटी. पूर्वी पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद झाल्या की निदान त्या बाजूने तरी विश्रांती असायची. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून गाड्यांसकट नेणारी रो-रो आली, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि आता जुलैतल्या भर पावसातही रविवारी संध्याकाळी परतीची रांग असते. एका जुलैत मी त्या रो-रोच्या वरच्या डेकवर उभी होते. पाऊस आडवा येत होता, लाटा करड्या, आणि खालच्या मजल्यावर गाड्या अशा चिकटून लावलेल्या की दारं उघडत नव्हती. मला बरं वाटलं होतं, हेही खरं. घरातून निघून दोन तासांत समुद्राची हवा अंगावर घ्यायला कोणाला आवडणार नाही?

गणपतीपुळ्याचं त्याहून वेगळं. तिथे गर्दी तिथी बघून येते. अंगारकी असली की आदल्या रात्रीपासून कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या घाट उतरायला लागतात, मग तो महिना कोणताही असो. गुहागरला मे महिन्यातही किनारा इतका लांब आणि सरळ की माणसं त्यात विरघळून जातात. गर्दी दिसते ती दाभोळच्या फेरीबोटीपाशी, धोपाव्याला उतरायला थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत. तिथे एकदा तासभर थांबले होते. उन्हात सगळे खाली उतरलेले, अनोळखी माणसं एकमेकांना कलिंगडाच्या फोडी देत होती. खाडीवरून येणारा वारा आणि डिझेलचा धूर. तासभर थांबायचं आहे हे एकदा मान्य केलं की माणसं किती मऊ होतात! बाजारपेठेत अडकलेल्यांना ती सवड मिळत नाही, कारण तिथे प्रत्येकाला वाटतं की पुढचा हलला की सुटलो.

आणि आमच्या घरापासून तासाभराच्या आत तर सगळं उलटंच होतं. शिरोडा, रेडी, मग तेरेखोल. किल्ला नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, तरी हद्द गोव्याची. खालून फेरीने नदी ओलांडली की केरी. त्याच मे महिन्यात आईला घेऊन मी पलीकडे गेले होते. केरीहून हरमलपर्यंत जाताना रस्ता मोकळा, आणि किनाऱ्यावर शॅक उतरवायला सुरुवात झालेली. बांबू सोडवून ढीग लावलेले, जुनी झापं वाळूत पडलेली, निळी ताडपत्री घड्या घालून दोरीने बांधत बसलेली दोन पोरं. त्यांचा सीझन डिसेंबरचा. ऑक्टोबरात विदेशी पाहुणे यायला लागतात, मार्च उलटला की परततात, आणि मे म्हणजे त्यांच्याकडे हिशोब मांडायचे दिवस. आई वाळूत उभी राहून बघत होती. "हय कोण मेला गे?" तिने हळूच विचारलं. तिला तसंच वाटलं, मांडव उतरवताना वाटतं तसं. एका नदीच्या ह्या काठाला मंडप बांधून झालेला, त्या काठाला सोडून झालेला. मध्ये पाणी ते किती, फेरीत बसल्यावर बसलो म्हणेपर्यंत उतरायचं.

आमचं वेंगुर्लं ह्या दोन्हींच्या मधोमध आहे. मालवणसारखा समुद्रातला किल्ला नाही, गोव्यासारखं नाव नाही. बंदर आहे, डचांची पडकी वखार आहे, खडकावरचं दीपगृह आहे. अलीकडे नवाबागेतला झुलता पूल बघायला माणसं येतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. गोव्यात मोप्याला 2023 मध्ये विमानं उतरायला लागल्यापासून शिरोड्याच्या बाजूला गोव्याकडून वळलेल्या गाड्या दिसतात थोड्याफार. पण दुपारी चार वाजता मारुती स्तंभापाशी उभं राहिलं तर अजूनही सायकलची घंटा ऐकू येते. मला ते हवं असतं. आणि ते हवं असणं हे मी ठाण्यात पगार घेते म्हणून परवडतं, हे मावसभावासमोर बसलं की लख्ख कळतं. वेंगुर्ल्यात खोल्या बांधून बसलेलीही माणसं आहेतच की. त्या पांढऱ्या गाडीने वळण घेतलं तेव्हा कुणाच्या तरी दोन खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि मला आतून थोडासा आनंद झाला होता. तो आनंद मला आवडलेला नाही.

आजी असताना आमच्या घरात "बंद" ह्या शब्दाला एकच अर्थ होता. बोट बंद. मुंबईहून येणारी आगबोट वेंगुर्ल्याला लागायची. मोठी बोट खोल पाण्यात उभी, तिथून होडीने बंदरावर यायचं, बायकांना खलाशी हाताला धरून उतरवायचे. मे महिन्यात चाकरमानी ट्रंका घेऊन यायचे, आणि पावसाच्या तोंडावर शेवटची बोट पकडून परत जायचे. ती चुकली तर घाटमार्गाने कोल्हापूर आणि तिथून पुढे, किंवा मग बोट पुन्हा सुरू होईपर्यंत मुक्काम. आजीचे थोरले दीर एका वर्षी असेच अडकले आणि नांगरणीला लागले, असं ती सांगायची. तिच्या सांगण्यात तक्रार नसे. बोट बंद झाली म्हणजे आता गाव गावातल्यांचा, असा एक सूर असायचा तिच्या आवाजात. कपाटात आगोटीचं सामान भरलेलं, कौलं चाळून झालेली, दारात रेनकोट म्हणून इरली टांगलेली. बाहेरचं कोणी येणार नाही, आतलं कोणी जाणार नाही. आता कोकणकन्येचं तिकीट साठ दिवस आधी काढायला बसते आणि पहिल्या दोन मिनिटांत वेटिंग लागतं, तेव्हा मला त्या शेवटच्या बोटीची आठवण येते. तिला निदान तारीख होती.

2025 च्या त्या मेला मात्र तारीखच राहिली नाही. 20 मेच्या सुमाराला पाऊस सुरू झाला तो वळवासारखा एक तास पडून गेला नाही, थांबेचना. 25 मेला मान्सून कोकणात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीरच केलं, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. आईची सोलं तिसऱ्या पुटाला होती. आम्ही दोघी पळत सुटलो, सुपं, रोवळ्या, परडी, मिळेल त्यात भरलं. अर्धी भिजलीच. उरलेली तिने चुलीवरच्या माळ्यावर पसरली आणि चार दिवस खाली धग धरून ठेवली. घरभर आंबट धुराचा वास. अजून ती बरणी उघडली की तो वास येतो, आणि आमटीलाही लागतो. मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात काही उरलेलं नव्हतं. दहा दिवसांची बुकिंगं दोन दिवसांत रद्द. घेतलेले आगाऊ पैसे त्याने सगळ्यांना परत केले. "पावसाची चूक त्यांची काय?" म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडायच्या आधी पुन्हा मालवणला गेले. बाजारपेठेतून एसटी कुठेही न थांबता सरळ गेली. चिवल्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापं घालून झाकलेल्या, दोऱ्या माडांना बांधलेल्या. समुद्र मातीच्या रंगाचा, किल्ला पावसात मधूनमधून पुसला जाणारा. मावशी रस्त्याकडच्या पायरीवर बसली होती. मे महिन्यात ती तिथे बसत नाही, मागच्या दारी बसते, धूर आणि हॉर्न सोसत नाहीत म्हणून. समोरची शेजारीणही आपल्या पायरीवर. रस्त्याच्या ह्या कडेवरून त्या कडेला दोघींच्या गप्पा चालल्या होत्या, मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागतं त्या दिवशी, कोंबडी कुठून आणायची यावर. आवाज चढवायची गरज नव्हती. विहिरीत पाणी किती चढलं ते मावशीने मला बोटांनी दाखवलं: तीन पायऱ्या. मावसभाऊ पंप उघडून दुरुस्त करत बसला होता. कपाळावर आठी होती, पण दुपारी जेवून तो दोन तास झोपला. मे महिन्यात दुपारी झोपलेला मी त्याला पाहिलेला नाही.

गणपतीला पुन्हा घरी आले. त्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती. पर्यटनाच्या भाषेत हे दिवस बंदच, होड्याही अजून सुरू झालेल्या नव्हत्या. आणि वेंगुर्ल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दाभोली नाक्यापासून शिरोडा नाक्यापर्यंत मुंबई-ठाण्याच्या एमएच-01 ते एमएच-04, कुलुपं लागलेली सगळी घरं उघडलेली, गणपतीच्या वर टांगायच्या माटवीसाठी कवंडळाची फळं आणि हरणाची फुलं विकायला बसलेल्या बायका, डोक्यावर गणपती घेऊन गुडघाभर गवतातून चाललेली पोरं. आमच्या वाडीत रात्री अकराला भजन संपलं की पुढच्या घरचं सुरू. दीड दिवसाच्या विसर्जनाला आम्ही त्याच वळणावरून समुद्राकडे निघालो. एरवी जिथे गाय बसते तिथे टाळ-मृदंग, फटाक्यांचा धूर, कडेवर झोपलेली मुलं, तीन वाड्यांचे गणपती एकामागे एक. दोन रिक्षा आणि एक दुधाची गाडी वाट मिळेपर्यंत थांबलेल्या. आई माझा दंड धरून चालत होती, ती मध्येच थांबली.

"तो गाडयेवालो आज येवक होयो होतो," ती म्हणाली.

तीन महिने झाले होते, आणि तिच्याही डोक्यातून तो गेला नव्हता. मी त्या वळणाकडे पाहिलं. त्या धाकट्या मुलीला मालवणात पाण्यात उतरायला मिळालं असेल ना, की तीही बाजारपेठेत ट्यूब गळ्यात घालून बसून राहिली असेल, असं मनात आलं. पुढे आरती सुरू झाली. भावाने गुडघाभर पाण्यात जाऊन मूर्ती सोडली, परतताना पाटावर ओंजळभर वाळू घेतली आणि पाट माझ्या हातात दिला. काळोख पडत होता, पाऊस भुरभुरत होता, माणसं पांगत चालली होती. वाळू सांडू नये म्हणून आम्ही दोघी रस्त्याच्या मधून सावकाश चालत घरी आलो.